प्रकल्प नोंदी: रोहूच्या टाकीशेजारी दवबिंदू (कुडाळ, मे ते डिसेंबर)

२८ मे

परसात अ‍ॅक्वापोनिक्स मागच्या वर्षीपासून चालू आहे. हजार लिटरची टाकी, त्यात रोहू, पंपाने पाणी वर वाफ्यात जातं, वाफ्यात जांभ्याची खडी भरलीय, बेल सायफनने (पाणी ठरावीक उंचीला आलं की आपोआप ओढून काढणारी नळी) वाफा भरतो आणि रिकामा होतो आणि पाणी खालून संपमधे (खालच्या साठवण टाकीत) येऊन परत टाकीत. पालक, अळू, मिरची छान येतेय. आता ह्याला कीटकभक्षी झाडं (दवबिंदूसारखी, जी पानांनी किडे पकडून खातात) जोडायची आहेत, आणि ती नुसती शोभेला बाजूला ठेवायची नाहीत, माशांच्या टाकीतलं अन्न त्यांच्यापर्यंत खरंच पोचलं पाहिजे.

अडचण काय आहे ते आधीच लिहून ठेवते कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांमधून अमोनिया येतो, बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते भाजी मुळांनी उचलते. म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्सचं पाणी जितकं सकस तितकं चांगलं. कीटकभक्षी झाडांचं बरोबर उलट, त्यांची मुळं गरीब पाण्यासाठीच बनलेली आहेत, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममधे) ५० च्या आत असलेला बरा, शंभराच्या वर बहुतेकांना सोसत नाही. माझ्या टाकीचा आज ३१० आहे. आणि पीएचचंही जमत नाही, ह्यांना आंबट माती लागते, ४ ते ५ च्या आसपास, आणि तिकडे नायट्रिफिकेशन करणारे बॅक्टेरिया पीएच ६.५ च्या खाली गेला की मंदावतात आणि ६ च्या आसपास जवळपास थांबतात. म्हणजे एकाच पाण्यावर दोघं जगणार नाहीत, कितीही मधला मार्ग काढला तरी दोघांचेही हालच होणार.

म्हणून ठरवलंय की पाणी वेगळं ठेवायचं आणि फक्त अन्न जोडायचं. ह्या झाडांना नत्र पाण्यातून द्यायचाच नाही, जिवंत किड्यातून द्यायचा, मुळाला नाही, पानाला. माशाचं पाणी → हिरवं शेवाळ → मॉइना (पाण्यातले बारीक किडे) → सापळा. ही साखळी चालते का ते बघायचंय.

२ जून

कोकोपीट धुणं चालू आहे. विकतच्या विटेत मीठ असतं (सोडियम, पोटॅशियम), पहिल्या भिजवणीचं पाणी टीडीएस पेनने मोजलं तर ६४० आलं. भिजवायचं, रात्रभर ठेवायचं, पिळून काढायचं, परत भिजवायचं. विहिरीचं पाणी वापरतेय, आमची विहीर जांभ्यातली, पाणी मऊ आहे, ७० च्या आसपास, त्यामुळे ह्या कामाला चालतं. शेवटची दोन पाणी मात्र पावसाची देणार, म्हणून हे पाऊस येईपर्यंत अर्धवटच राहणार.

वाळू नदीची घेतली नाही, त्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो चुना हळूहळू सोडतो. फिल्टरला वापरतात ती सिलिका वाळू आणली, व्हिनेगर टाकून बघितलं, बुडबुडे नाहीत.

९ जून

पाऊस आला!! पत्र्याच्या शेडवरून पाइप थेट ड्रमात सोडलाय पण पहिल्या दोन दिवसांचं पाणी वाहून जाऊ दिलं, पत्र्यावर सगळा उन्हाळ्याचा धुरळा, पक्ष्यांची विष्ठा, सुकलेला पाला बसलेला असतो. पहिलं पाणी ८५, आजचं १४. चौदा! एवढं स्वच्छ पाणी फुकट मिळत असताना आरओ मशीन कशाला घ्यायचं, कोकणात हा छंद करणाऱ्याला हे सगळ्यात मोठं वरदान आहे.

१४ जून

आज पेरणी. ड्रॉसेरा बर्मानी, म्हणजे आपला सड्यावरचा (कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारावरचा) दवबिंदूच, पण बी सड्यावरून आणलेलं नाही, घरी वाढवणाऱ्या एका मित्राच्या कुंडीतलं आहे. हे मुद्दाम लिहितेय कारण पावसाळ्यात लोक सड्यावरून आणि कास पठारावरून ही झाडं उपटून नेतात आणि ती घरी पंधरा दिवसात मरतात. एक वर्षाचं आयुष्य असलेलं झाड बी धरायच्या आधी उपटलं तर तिथे पुढच्या वर्षी काय उगवणार? बी मागा, कोणीही देतं, एका झाडाला शेकड्याने बी येतं.

बी पावडरीसारखं बारीक. वरून नुसतं भुरभुरवायचं, मातीने झाकायचं नाही, उजेड लागतो. कुंड्या ट्रेमधे, ट्रेमधे दोन सेंटिमीटर पावसाचं पाणी, वर पॉलीकार्बोनेटचं छप्पर कारण आपल्याकडचा पाऊस थेट पडला तर बी कुंडीबाहेरच जाईल. सगळ्या कुंड्या पावसाच्या पाण्यावर, फक्त एक कुंडी वेगळी ठेवलीय, तिला टाकीचं पाणी देणार, काय होतं ते डोळ्यांनी बघायचंय.

घटपर्णीचं (पानाच्या टोकाला येणाऱ्या घटात किडे पकडणारं झाड) रोपही आलं, नर्सरीतला संकर आहे, उष्ण दमट हवेत टिकणारा. मेघालयातली घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, घ्यायचा विचारच केला नाही, ती साइट्सच्या (दुर्मिळ जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मधे आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीतही आहे, कागद असल्याशिवाय कोणी देत असेल तर घेऊच नये. रोप माशांच्या टाकीच्या बरोबर वर टांगलंय, टाकीची वाफ त्याला दिवसरात्र मिळते. मुळं मॉस, परलाइट आणि लोणारी कोळशाच्या तुकड्यांत, पाणी पावसाचंच.

वीनस फ्लायट्रॅप का नाही असं प्रत्येकजण विचारतो. ते अमेरिकेत नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या किनारपट्टीचं झाड, त्याला तीन-चार महिने थंडीची झोप लागते. कुडाळला ती कुठून आणायची?

२६ जून

मुख्य टाकीचा पीएच ६.४. दरवर्षी पावसात हेच होतं, नायट्रिफिकेशन पाण्यातली क्षारता खातं आणि वरून पावसाचं पाणी मिसळून ती अजून पातळ होते. तिसऱ्यांचे (खाडीतल्या खायच्या शिंपल्यांचे) शिंपले उकळून, वाळवून, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून संपमधे सोडले. हळूहळू विरघळतात, एकदम उडी मारत नाहीत म्हणून मला चुन्यापेक्षा हेच आवडतात. हाच शिंपला ट्रेमधे पडला तर दवबिंदू संपले, म्हणून पिशवीचं आणि ट्रेचं काम एका हाताने एकाच दिवशी करायचं नाही असा नियम केलाय.

४ जुलै

आता खरं तर ज्या झाडाला अ‍ॅक्वापोनिक्समधे जागा आहे त्याचं काम. युट्रिक्युलॅरिया गिब्बा. सीतेच्या आसवांच्या (सड्यावरच्या निळ्या फुलांच्या कीटकभक्षी झाडाच्या) कुळातलं पण पाण्यात तरंगणारं, मुळं नाहीतच, पोपटी दोऱ्यासारखं पसरतं आणि त्या दोऱ्यावर दीड-दोन मिलिमीटरच्या पिशव्या. अ‍ॅक्वेरियमवाले ह्याला तण म्हणून काढून फेकतात, मला एकाकडून जावा मॉसच्या गुंत्यात अडकून आलेलं मिळालं.

पिशवीचं काम वाचून मी थक्क होते प्रत्येक वेळी. आतलं पाणी बाहेर उपसून ती स्वतःला आत खेचून घेते, दाराशी केस असतात, केसाला काही लागलं की दार आत उघडतं आणि पाण्यासकट जीव आत ओढला जातो, हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा कमी वेळात. मग अर्ध्या तासात परत तयार. आणि एवढं सगळं करणाऱ्या ह्या झाडाचा जिनोम फक्त ८.२ कोटी अक्षरांच्या आसपास, २०१३ मधे जाहीर झाला तेव्हा फुलझाडांमधे इतका लहान फार थोड्यांचा माहीत होता.

तीन सारखे टब लावले:
अ: सरळ माशांच्या टाकीचं पाणी, नायट्रेट ६० च्या आसपास.
ब: टाकीचं पाणी आधी कर्दळ आणि अळू लावलेल्या बाजूच्या टाक्यात आठवडाभर नुसतं ठेवून, मग त्यात तेवढंच पावसाचं मिसळून. नायट्रेट १० च्या आत, टीडीएस ११०.
क: फक्त पावसाचं, त्यात कोकोपीटची एक पुरचुंडी.

बाजूचं टाकं मुख्य चक्रात जोडलेलं नाही हे महत्त्वाचं आहे. चक्रात असेल तर पाणी सतत मिसळत राहतं आणि सगळीकडे नायट्रेट सारखंच होतं, शेवटच्या टबमधे कमी होईल असं वाटतं पण होत नाही. पाणी वेगळं काढून थांबवावं लागतं, तरच कर्दळीला ते खायला वेळ मिळतो.

११ जुलै

दवबिंदू उगवले. टाचणीच्या डोक्याएवढे. भिंगातून बघितलं तर पहिल्या पानावरच केस आहेत.

२० जुलै

मॉइनाची साखळी. संपच्या तळाचा गाळ आणि टाकीचं पाणी एका पिंपात घेऊन उघड्यावर ठेवलं की उन्हाळ्यात चार-पाच दिवसात हिरवंगार होतं, पण जुलैत ऊनच नाही, पाणी चहासारखंच राहिलं. मग बेकरीचं यीस्ट चिमूटभर कोमट पाण्यात कालवून टाकलं आणि मॉइना वाढले, आता पिंपात टॉर्च मारला की सगळे उजेडाकडे गोळा होतात. डॅफ्निया न घेता मॉइना घेतले कारण आपली गरमी त्यांना जास्त सोसते आणि आकारही लहान, मोठा झाला तरी साधारण मिलिमीटरभर.

यीस्ट जास्त पडलं तर पाणी सडतं आणि एका रात्रीत सगळे मरतात, म्हणून पाणी परत जरा निवळल्याशिवाय पुढची चिमूट नाही. दुसरं बारकं पिंप पण लावून ठेवलंय, एक बसलं तर दुसरं.

काढायची पद्धत: मलमलच्या फडक्यातून गाळायचे, त्याच फडक्यावर दोनदा पावसाचं पाणी ओतून धुवायचे, मग ट्रेकडे. धुणं सोडायचं नाही, न धुता टाकले तर मॉइनाबरोबर नायट्रेटही गेलं आणि मग पाणी वेगळं ठेवून उपयोग काय.

२ ऑगस्ट

आरोग्य केंद्राच्या ताई घरोघरी डासांच्या अळ्या बघत फिरतायत, आमच्याकडे पण आल्या आणि ट्रे बघून थांबल्या, बरोबरच आहे, उघडं साचलेलं पाणी आहे. गप्पी सोडा म्हणाल्या. गप्पी मुख्य टाकीच्या संपमधे आहेतच पण ट्रेमधे सोडता येत नाहीत, १४ टीडीएसच्या आंबट पाण्यात गप्पी टिकत नाही, त्याला जड पाणी लागतं, आणि शिवाय तो तिथेच शी करणार. ट्रेमधे आधीच गिब्बाचे दोरे सोडलेले होते ते त्यांना दाखवले. मोबाइलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावून एक पिशवी दाखवली, आत अळी दिसत होती, अगदी पहिल्या अवस्थेतली, शेपटी बाहेर राहिलेली. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून नेला.

तरी गिब्बावर एकट्यावर मी भरवसा ठेवत नाही, मोठ्या झालेल्या अळ्या त्या पिशवीत मावत नाहीत, म्हणून ट्रेवर मच्छरदाणीची जाळी बसवली आणि आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण ओतून बदलते.

शेजारच्या काकी कुंपणावरून, "काय गो, ह्यां झाड डास पण खाता?" खातं काकी, पण लहान असतानाच.

१५ ऑगस्ट

दवबिंदू सेंटिमीटरभर झाले, दव भरपूर. आजपासून खायला घालणं. ओल्या ब्रशच्या टोकावर एकच मॉइना घेऊन पानावर ठेवायचा. बर्मानीचे कडेचे लांब केस इतके पटकन वळतात की बघता बघता काही सेकंदात किडा मधे ढकलला जातो, बाकीच्या बऱ्याच जातींत ह्याला मिनिटं लागतात. अर्ध्या कुंड्यांना खायला, अर्ध्यांना काही नाही, जाळीमुळे बाहेरचे चिलटही आत येत नाही त्यामुळे तुलना बऱ्यापैकी स्वच्छ होईल.

लाईट काल रात्रभर नव्हती, बॅटरीवर एअर पंप चालला, रोहू ठीक.

२३ ऑगस्ट

सड्यावर गेले होते, नुसतं बघायला. कातळावर बोटभर जाडीची माती, तीही खळग्यात, वरून सतत पातळ पाणी वाहतंय, झाडाची सावली कुठेच नाही. पाणी मोजलं, १८. दवबिंदू, त्याच्या बाजूला गवती दवबिंदू आणि सीतेच्या आसवांचा निळा पट्टा, सगळे एकाच जागी. ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि मातीत काहीच नाही, ह्या तीन गोष्टी एकत्र असतात तिथेच सापळा बनवणं झाडाला परवडतं, कारण सापळा बनवायला साखर लागते आणि ती उन्हातून येते. सावलीत किंवा सकस मातीत साधं गवत ह्यांना सहज दाबून टाकतं. माझ्या शेडमधे पाणी बरोबर आहे, माती बरोबर आहे, ऊन कमी पडतंय. छप्पराची एक शीट काढून दक्षिणेकडे सरकवायची.

५ सप्टेंबर

तीन टबांचा निकाल.

अ: गिब्बा लांबच लांब वाढला पण पिशव्या फार थोड्या, आणि आता दोरीसारख्या शेवाळाने सगळा गुंता धरलाय, वेगळा काढताच येत नाही. टब बंद केला.
ब: दाट, हिरवा, पिशव्या भरपूर, बऱ्याच काळ्या पडलेल्या म्हणजे खाल्लेल्या. मॉइना दर तीन-चार दिवसांनी टाकत होते.
क: पिशव्यांनी नुसता लगडलेला पण दोरे बारीक, वाढ हळू. मॉइना टाकायला लागल्यापासून सुधारला.

'अ' मधे मासे नसताना, फक्त त्यांचं पाणी असताना हे झालं. जे झाडाला पाण्यातून आयतं मिळतं त्यासाठी ते सापळा बनवत नाही. अमेरिकेत एलिसन आणि गोटेली यांनी २००२ मधे सारासेनिया पर्प्युरियावर हेच दाखवलं, नत्र जास्त दिला की त्या घटपर्णीची पानं सुरईसारखी न होता चपटी, साध्या पानासारखी होत गेली. म्हणजे खत घालून तुम्ही झाड मारता असंच नाही, कधी कधी जिवंत ठेवून त्याचं मांसाहारीपण काढून घेता. मला हे मरण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

'ब' ची पद्धत पक्की. अ‍ॅक्वापोनिक्समधे कीटकभक्षी झाड कुठे ठेवायचं ह्याचं माझं उत्तर आता हेच आहे, भाजीच्या आणि कर्दळीच्या नंतर, सगळ्यात शेवटी, जिथे पाण्यात जवळजवळ काही उरलेलं नाही.

१९ सप्टेंबर

टाकीच्या पाण्यावरची ती वेगळी कुंडी. मातीवर आधी निळसर हिरवा बुळबुळीत थर आला, मग मॉस, मॉसने रोपं झाकली, जी वर राहिली त्यांच्या पानांवर दव नाही, केस करपलेले. कुंडीच्या तळातून निघालेलं पाणी ४१० टीडीएस. टाकीपेक्षाही जास्त, कारण पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच साचतात. फोटो काढून ठेवले, कोणी विचारलं "थोडं माशाचं पाणी घातलं तर?" तर हे दाखवायचं.

८ ऑक्टोबर

ऑक्टोबरची गरमी सुरू. घटपर्णीला दोन नवीन घट पूर्ण उघडले, तिसरा फुगतोय. ह्या झाडाला माशांचं खाद्यच देतेय, नुकत्याच उघडलेल्या घटात रोहूच्या खाद्याची एक बारीक गोळी, महिन्यात एकदा, बस. जास्त गोळ्या टाकल्या की आतला रस पुरा पडत नाही, गोळी कुजते आणि घट वरून तपकिरी होत जातो. रस आम्लधर्मी असतो, त्यातली एन्झाइमं आम्लातच काम करतात, म्हणून घटात टाकीचं पाणी ओतायचं नाही, आपण अन्न देतोय असं वाटतं पण पोटातलं आम्ल धुऊन काढतोय.

टाकीच्या वर टांगल्याचा फायदा स्पष्ट दिसतोय, व्हरांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या रोपाचे कोंब टोकाला सुकून जातात, घट होतच नाहीत, ह्याचे होतात.

२७ ऑक्टोबर

'ब' टबमधे गिब्बाला पिवळी फुलं, पाण्याच्या वर दोन इंच. दवबिंदूंना दांडे आले.

१८ नोव्हेंबर

बी तयार. खायला घातलेल्या कुंड्यांमधे रोपं दिसायलाच मोठी, बहुतेकांना दोन-दोन दांडे, बोंडं भरलेली. न खाल्लेली जिवंत आहेत, फुलली पण, दांडा एकच आणि बोंडं कमी. फ्रान्सिस डार्विनने (चार्ल्सचा मुलगा) १८७८ मधे असाच प्रयोग छापला होता, दवबिंदूची अर्धी रोपं भाजलेल्या मांसाचे कण घालून आणि अर्धी उपाशी, आणि सगळ्यात मोठा फरक त्यालाही बियांतच दिसला. त्याच्या आधी बरेच लोक म्हणायचे की किडा खाऊन झाडाला काही उपयोग होत नाही. माझ्या कुंड्यांमधलं मांस रोहूच्या टाकीतून, गाळातून, यीस्टमधून आणि मॉइनातून फिरून आलं एवढाच फरक. साखळी चालते.

७ डिसेंबर

पाण्याचा हिशोब. ट्रे ६० बाय ९० सेंटिमीटर, रोज साधारण ५ मिलिमीटर उडतं, म्हणजे पावणेतीन लिटर. आतापासून जून मध्यापर्यंत सव्वापाचशे लिटर लागणार, दोनशे लिटरचे तीन ड्रम भरलेले आहेत, झाकण घट्ट, सावलीत, वरून गोणपाट. दर आठवड्याला पाणी ओतून बदलायचं ते आता बंद, त्याऐवजी जाळी नीट ताणून बसवली आणि गिब्बा वाढवला. कमी पडलं तर एसीच्या पाइपातलं पाणी, मोजून बघितलं, २२ आलं, पण पाइप तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरून येतो म्हणून ते आधी एका कुंडीवर महिनाभर बघणार.

ट्रेचा टीडीएस आज ४६. ७० च्या वर गेला की कुंड्यांवर वरून पावसाचं पाणी ओतून खालून काढून टाकायचं.

बी बटर पेपरच्या पुड्यांमधे, पुड्या डबीत, डबी फ्रिजमधे. जुन्या रोपांनी माना टाकल्या आहेत, ती ह्या वर्षीची संपली, कुंड्यांमधे पडलेलं बी आपोआप येईल म्हणून माती हलवत नाही. कर्दळ अर्धी कापून काढली, कंद नव्या टाक्यात लावले, फेब्रुवारीत दुसरा 'ब' टब लावायचाय, ह्या वेळी मॉइना थेट त्यातच वाढतात का बघायला.